हाफकिन : नावामागचा माणूस

स्मरणिका समितीने या वेळी सगळ्यांना एकच विषय दिला आहे : शाळा सुटल्यावर आपण ज्याच्याकडून काही शिकलो अशी एक व्यक्ती. आपल्या बॅचमधल्या अनेकांनी आईवडिलांवर, कुणी आपल्या पहिल्या साहेबांवर, कुणी आपल्या शाळेतल्या बाईंवर लिहिल्याचे समजले. मी निवडलेला माणूस माझ्या जन्माच्या बत्तीस वर्षे आधी वारला. तो मराठी नव्हता, भारतीय नव्हता, डॉक्टरही नव्हता. पण छत्तीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी करताना मला त्याची आठवण जितक्या वेळा झाली तितकी क्वचितच कुणाची झाली असेल. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन.

हे नाव तुम्हा सर्वांना माहीत आहे. शासकीय वसाहतीत वाढलेल्या आपल्या पिढीला हाफकिन म्हणजे कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची चौदा इंजेक्शने, सापाच्या विषावरचे औषध आणि पोलिओचे थेंब. परळला एक संस्था आहे, एवढेच ठाऊक असायचे. ते एका माणसाचे नाव आहे, हे मलाही नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात कळले. मग मिळेल ते वाचत गेले. त्यातून समजलेली गोष्ट आज तुमच्यासमोर ठेवते.

हाफकिनचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातल्या एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता. ओडेसाच्या विद्यापीठात तो प्राणिशास्त्र शिकला. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे इल्या मेचनिकोव्ह तिथे त्याचे गुरू होते. १८८१ साली ओडेसात ज्यूंच्या वस्तीवर हल्ले झाले, तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत तो होता. त्यात तो जखमी झाला आणि त्याला अटकही झाली. मेचनिकोव्ह यांच्या प्रयत्नाने तो सुटला. शिक्षण संपल्यावर विद्यापीठात चांगली जागा मिळायची तर धर्म बदलावा लागणार होता. त्याने नकार दिला. काही वर्षे प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाच्या कामात काढून तो आधी जिनिव्हाला आणि १८८९ साली पॅरिसला पोहोचला. लुई पाश्चर यांच्या संस्थेत त्या वेळी एकच जागा रिकामी होती, ग्रंथपालाची. ती त्याने घेतली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे, असा त्याचा क्रम सुरू झाला.

त्या काळी कॉलरा युरोपात आणि आशियात थैमान घालत होता. हाफकिनने कॉलऱ्याची लस तयार केली. जनावरांवर ती चालली, पण माणसाला ती निर्धोक आहे हे कसे सांगायचे? १८ जुलै १८९२ रोजी त्याने ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला, काही दिवसांत तो बरा झाला. तापमान किती चढले आणि कधी उतरले याची टिपणे त्याने ठेवली. त्यानंतर मित्रांनी ती लस घेतली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. स्वतःला टोचून घेतल्याने लस निर्धोक आहे एवढेच कळते. तिचा उपयोग होतो की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी जिथे रोग आहे तिथे जावे लागते, आणि लस घेतलेल्यांची न घेतलेल्यांशी तुलना करावी लागते. हा फरक हाफकिनला पक्का ठाऊक होता. म्हणूनच तो भारतात आला. पूर्वी व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या मदतीने परवानगी मिळाली आणि मार्च १८९३ मध्ये तो कलकत्त्याला उतरला.

सुरुवातीला त्याला लोकांनी दगड मारले. परका माणूस, हातात सुई, तीही सरकारच्या परवानगीने, मग विश्वास कोण ठेवणार? १८९४ साली कलकत्त्याच्या एका बस्तीत तो गेला तेव्हा त्याच्याबरोबर भारतीय डॉक्टर होते. त्यांनी आधी लोकांच्या देखत लस घेतली, मग लोक पुढे आले. बस्तीतल्या काहींनी लस घेतली, काहींनी घेतली नाही. एकाच तळ्याचे पाणी पिणारी आणि एकाच गल्लीत राहणारी ही माणसे होती. पुढे कॉलऱ्याच्या केसेस झाल्या त्या लस न घेतलेल्यांत. हाफकिनने हे सगळे घरोघरी जाऊन लिहून काढले. दोन वर्षांत त्याने बेचाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. त्यात त्याला मलेरियाने गाठले आणि १८९५ मध्ये उपचारासाठी परत जावे लागले. पुढच्याच वर्षी तो पुन्हा भारतात हजर झाला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्यांचा पुतळा धोबीतलावला आहे, मेट्रोकडे जाताना तुम्ही तो पाहिला असेल. त्यानंतरचे वर्ष मुंबईने कसे काढले, याच्या खुणा आपल्या वांद्र्यात आजही उभ्या आहेत. रणवार, चिंबई, पाली भागांतल्या गल्लीबोळांत जे क्रूस दिसतात, त्यातले कितीतरी प्लेगच्या साथीत लोकांनी रोग टळावा म्हणून उभारलेले आहेत. त्या वेळी वांद्रे मुंबई शहरात नव्हते. ते साष्टी तालुक्यातले, ठाणे जिल्ह्यातले, स्वतःची नगरपालिका असलेले गाव होते. मुंबईतून लाखो लोक बाहेर पडत होते आणि रोगही त्यांच्या मागोमाग जात होता. लहानपणी आपण त्या क्रुसांजवळ खेळलो. ते कशासाठी उभे आहेत हे आपल्याला कुणी सांगितले नव्हते.

सरकारने साथ आवरण्यासाठी जे उपाय केले त्यांची भीती रोगाइतकीच होती. घरांत घुसून झडत्या, आजाऱ्याला ओढून इस्पितळात नेणे, सामान जाळणे. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात माणूस मरायलाच नेतात, अशी लोकांची समजूत होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात काय घडले, रँडचा वध कसा झाला, हे आपण इतिहासात शिकलो आहोत. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी गेल्या. मुंबईत निरनिराळ्या ज्ञातींनी आपापली प्लेग इस्पितळे काढली. तिथे आपल्या माणसाजवळ बसता येत होते, म्हणून लोक तिथे आपणहून जात. परिचारिका म्हणून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रोग तोच होता, औषध कुणाकडेच नव्हते, पण रुग्णाला माणसासारखे वागवले की तो येत होता.

अशा मुंबईत हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या मनुष्यबळावर त्याने प्लेगच्या लसीचे काम सुरू केले. कामाचा ताण असा होता की मदतनीस टिकत नव्हते. जंतू वाढवण्यासाठी मांसाचा अर्क लागतो. गोमांस किंवा डुकराचे मांस वापरले तर लोक लस घेणार नाहीत हे ओळखून त्याने बोकडाचे मांस घेतले. अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की प्लेगचे जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढतात, हे त्याच्या लक्षात आले. वाढलेले जंतू उष्णता देऊन मारायचे, मग लस तयार. तीन महिन्यांत ती तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती स्वतःला टोचून घेतली, तीही लोकांना द्यायच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांना लस देऊ केली गेली. सुमारे निम्मे पुढे आले, बाकीचे आले नाहीत. सगळे एकाच भिंतीआड, एकच अन्न खाणारे. त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला, दोघेही वाचले.

आकडे लहान होते आणि शंकेला जागा होती. आपणहून पुढे आलेले लोक मुळातच जास्त धडधाकट असतील तर? हा प्रश्न हाफकिननेही मनात ठेवला असणार, कारण पुढच्या वर्षी त्याने जे केले ते त्याचेच उत्तर होते. १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात प्लेग आला. तिथे प्रत्येक घरातल्या माणसांचे दोन गट केले गेले. वय, बाई-पुरुष, तब्येत शक्य तितकी सारखी राहील असे पाहून अर्ध्यांना लस दिली, अर्ध्यांना दिली नाही. म्हणजे घर तेच, उंदीर तेच, जेवण तेच. फरक फक्त लशीचा. नंतर जाऊन हिशोब केला. प्लेग शिरलेल्या घरांत लस घेतलेले ७१ जण होते. त्यातल्या ८ जणांना प्लेग झाला, ३ गेले. लस न घेतलेले ६४ होते. त्यातल्या २७ जणांना प्लेग झाला आणि २६ गेले.

आज असा प्रयोग करायचा झाला तर लेखी संमती लागेल, नीतिसमितीची परवानगी लागेल, आणि ते योग्यच आहे. ती २६ माणसे कुणाचे तरी आईबाप, मुले होती. पण त्या माणसांचा मृत्यू वाया जाऊ नये म्हणून तरी तो हिशोब आपण नीट वाचला पाहिजे. लस शंभर टक्के नव्हती. तिने ताप यायचा, तिचा परिणाम काही महिनेच टिकायचा. हाफकिनने हे लपवले नाही. जे झाले ते झाले, जे नाही झाले ते नाही, असे त्याने मांडले. आपल्या बाजूचे तेवढे आकडे सांगून बाकीचे गिळून टाकणारी माणसे मी नोकरीत पाहिली आहेत. म्हणून या प्रामाणिकपणाची किंमत मला कळते.

लस सक्तीने देऊ नये, हा त्याचा आग्रह होता. त्यामुळे त्याचे काम वाढले, पण विश्वासही वाढला. आगाखान तिसरे तेव्हा विशीतले तरुण होते. त्यांनी लोकांसमोर लस घेतली आणि आपल्या खोजा समाजातल्या हजारोंना घ्यायला लावली. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला बंगलाही दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हीच आजची हाफकिन संस्था. आता मागण्या देशभरातून येत होत्या. चाळिशीतला हाफकिन यशाच्या शिखरावर होता.

आणि मग मुल्कोवाल घडले.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ लोकांना लस दिली गेली. आठवड्याभरात त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला. जबडे आवळले, शरीरे ताठली, आणि एकोणीसच्या एकोणीस जण गेले. बाकीच्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

हे १९ जण कोण होते? त्या सर्वांना एकाच बाटलीतली लस दिली गेली होती. बाटलीचा क्रमांक होता ५३-एन.

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, इथे मी जरा थांबते, कारण माझ्या कामाशी या गोष्टीचा सर्वांत जवळचा संबंध इथे आहे. कुणाला कोणत्या बाटलीतून टोचले, हे त्या दिवशी कुणीतरी लिहून ठेवले होते. ती नोंद नसती तर सगळीच लस विषारी ठरली असती आणि देशभर लोकांनी तिला हात लावला नसता. त्या एका नोंदीमुळे दोष लशीचा नाही, एका बाटलीचा आहे, एवढे तरी लगेच कळले. पुढचा प्रश्न असा होता की बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले कधी? परळला बाटली भरताना, की गावात ती उघडताना?

चौकशी समितीने निष्कर्ष काढला की दोष परळचा. बाटली ४१ दिवसांपूर्वी परळला भरली होती. लस निर्जंतुक करताना हाफकिनने कार्बोलिक ॲसिड वगळून फक्त उष्णतेवर भर दिला होता, हे त्याच्याविरुद्ध धरले गेले. पाश्चर संस्थेत ही पद्धत मान्य होती. पण मुंबईच्या डॉक्टरी वर्तुळात हाफकिन आधीच उपरा होता. तो डॉक्टर नव्हता, इंग्रज नव्हता, रशियन ज्यू होता. त्याला कामावरून दूर केले गेले आणि तो लंडनला गेला. ज्या प्रयोगशाळेची उभारणी त्याने केली तिथे त्याला जागा उरली नाही.

यानंतरची पाच वर्षे त्याने कागदपत्रांशी झुंजण्यात काढली. साक्षी पुन्हा तपासल्या गेल्या. गावात बाटली उघडताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुडवून त्याच चिमट्याने बूच काढले होते. शिवाय बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तिला कसलाही वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू ४१ दिवस आत वाढत असते तर बाटलीला उग्र वास यायला हवा होता. हे सगळे चौकशीच्या वेळीच कागदावर होते. वाचणाऱ्यांनी ते नीट वाचले नव्हते. मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस यांनी हा विषय हाती घेतला. जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचे पुराव्यानिशी मांडले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्याला दोषमुक्त केले.

तो पुन्हा भारतात आला, पण मुंबईला नाही. त्याला कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमले गेले. पूर्वीसारखे लोकांत जाऊन लशीचे प्रयोग करण्याची मोकळीक त्याला पुन्हा मिळाली नाही. काही वर्षांनी तो निवृत्त होऊन युरोपात परतला. त्याने लग्न केले नव्हते. पुढच्या काळात त्याचे मन धर्माकडे वळले आणि आपली मालमत्ता त्याने पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव देण्यात आले. तोवर मुंबईहून प्लेग लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्याचे निधन झाले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले.

ही झाली त्याची गोष्ट. आता मी त्याच्याकडून काय शिकले, ते थोडक्यात सांगते.

आमच्या क्षेत्रात आजकाल पुराव्यावर आधारित शुश्रूषा हा शब्द फार ऐकू येतो. नव्या मुलींना तो अभ्यासक्रमातच असतो. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. आपण रुग्णासाठी जे करतो ते का करतो, त्याने खरोखर फायदा होतो का, हे तपासलेले असावे. वरिष्ठांनी सांगितले म्हणून, पूर्वीपासून चालत आले म्हणून, एवढे पुरेसे नाही. आमच्या काळी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ स्पिरिट आणि पावडर लावून चोळायची पद्धत सगळीकडे होती. पाठ लाल झाली की आणखी चोळायची. पुढे अभ्यासांतून दिसले की लाल झालेल्या, हाडावरच्या कातडीला चोळले तर आतली इजा वाढू शकते. तिथला दाब काढणे, कूस बदलणे, कातडी कोरडी ठेवणे हे खरे उपाय. तसेच ऑपरेशनच्या आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढणे. त्याने कातडीवर बारीक जखमा होतात आणि जंतुसंसर्ग वाढतो, असे तुलना करून पाहिल्यावर कळले. आता गरज असेल तरच केस काढतात, तेही क्लिपरने. दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षे मायेने, मेहनतीने केल्या जात होत्या. माया आणि मेहनत यांच्याबरोबर मोजणी लागते, हे उंधेऱ्याच्या त्या घरांनी मला शिकवले.

दुसरी गोष्ट नोंदीची. मी एका इस्पितळाच्या लसीकरण विभागात होते तेव्हा आमच्या इन-चार्ज सिस्टरांचा नियम होता. बाटली उघडली की रजिस्टरात बॅच नंबर, उघडल्याची वेळ आणि त्या दिवसाचा अनुक्रमांक लिहायचा, आणि प्रत्येक बाळाच्या नावापुढे तो अनुक्रमांक टाकायचा. रांग बाहेर जिन्यापर्यंत असायची. मुली कुरकुरायच्या. एकदा चार बाळांना इंजेक्शनच्या जागी गळू झाले. चौघांच्या आया घाबरून, चिडून आल्या. वस्तीत लसच खराब असल्याची बोलवा पसरली आणि दोन दिवस रांग ओस पडली. रजिस्टर उघडले तेव्हा चारही बाळे एकाच बाटलीची निघाली. त्याच बॅचच्या बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्या सगळ्या बाळांच्या घरी आम्ही जाऊन आलो. ती ठणठणीत होती. चार बाळांवर उपचार झाले, ती बरी झाली. आम्ही आयांसमोर रजिस्टर ठेवले आणि एकेक ओळ वाचून दाखवली. आठवड्याभरात रांग पुन्हा जिन्यापर्यंत गेली. त्या दिवसापासून कुरकुर बंद झाली. मी मुलींना मुल्कोवालची गोष्ट तेव्हाच सांगितली.

तिसरी गोष्ट विश्वासाची. १९९४ साली सुरतला प्लेग आला तेव्हा मुंबईतही धावपळ उडाली. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या विकत घेत होते. आमच्याकडे तर रोगावर औषध होते, हाफकिनच्या काळात तेही नव्हते. तरी लोकांच्या डोळ्यांतली भीती मला वाचलेल्या वर्णनांसारखीच दिसली. २०२१ मध्ये निवृत्त झाल्यावर मी काही महिने बीकेसीच्या लसीकरण केंद्रावर मदतीला जात होते. खेरवाडी, बेहरामपाडा, भारत नगर, कलानगर अशा सगळीकडची माणसे तिथे यायची. कुणाला आकडे सांगितले की पटायचे, कुणाला नाही. एक आजी दोनदा येऊन परत गेल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी मला विचारले की मी स्वतः घेतली का, ताप आला का, किती दिवस राहिला. मी सगळे खरे सांगितले, दंड दोन दिवस दुखला तेही सांगितले. मग त्या बसल्या. पुरावा कितीही चांगला असला तरी तो माणसाच्या तोंडून माणसापर्यंत पोहोचावा लागतो. कलकत्त्याच्या बस्तीत आधी स्वतः लस घेणाऱ्या डॉक्टरांनी हेच केले होते.

आणि एक गोष्ट मला अजून टोचते. हाफकिनला वाचवणारा पुरावा पहिल्यापासून फाइलमध्ये होता. तो वाचायला पाच वर्षे लागली, कारण दोषी कोण हे लोकांनी आधी ठरवले आणि कागद नंतर पाहिले. वॉर्डात काही विपरीत घडले की पहिली नजर वळते ती सर्वांत नवख्या मुलीकडे, कंत्राटी आयाबाईकडे, परगावच्या माणसाकडे. मी जितकी वर्षे इन-चार्ज होते तितकी वर्षे माझा एकच नियम होता : आधी चार्ट आणा, मग बोला. बहुतेक वेळा चार्ट वाचला की आवाज खाली यायचे.

आपल्यापैकी बरेच जण आता आजीआजोबा झाले आहेत. कुणी घरी आजारी माणसाचे करते आहे, कुणाचे स्वतःचेच दवाखान्याचे हेलपाटे चालू आहेत. एक मैत्रीण म्हणून दोन विनंत्या करते. घरातल्या प्रत्येकाची एक वही ठेवा. औषध कोणते, कधी सुरू झाले, काय त्रास झाला, लस कोणती आणि कोणत्या तारखेला, सगळे लिहा. आणि डॉक्टरांना, सिस्टरला हे का करायचे असे मोकळेपणाने विचारा. चांगल्या सिस्टरला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

मेळाव्याला मी वांद्रे स्टेशनवरून चालतच येणार आहे. ज्यांना वेळ असेल त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर रणवारपर्यंत यावे. तिथल्या क्रुसांवरच्या तारखा आपण सगळे मिळून वाचू या.